नाव झाकायचं कधी, उघडायचं कधी: कविता निवडायला पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

गावच्या वाचनालयाचा दिवाळी अंक असो, कॉलेजचं वार्षिक असो की तालुक्यातल्या कवींचा एकत्र संग्रह, कविता निवडायचं काम पहिल्यांदा गळ्यात पडलं की माणूस छंद, प्रतिमा, शुद्धलेखन यांच्याच काळजीत असतो. माझंही तसंच झालं. खरी अडचण गठ्ठ्याची दोरी सोडल्यावर समोर येते, आणि ती प्रत्येक कागदाच्या तळाशी लिहिलेली असते. कवीचं नाव. ते वाचलं की वाचणाऱ्याच्या मनात काहीतरी हलतं, आणि न वाचावं म्हटलं तरी डोळा तिकडे जातोच.

मी सिंधुदुर्गातल्या एका लहान दिवाळी अंकासाठी कविता वाचते. पहिल्या वर्षी अंक छापून आला तेव्हा वाचनालयात बसून एका मच्छीमार घरातल्या काकींनी तो शेवटपर्यंत चाळला आणि मला म्हणाल्या, "बाय, दर्याच्यो कविता खूप, पण दर्यात जाणारो एकव नाय हेच्यात." मी घरी जाऊन नाकारलेल्या कवितांची पिशवी उघडली. त्यात एक मालवणी कविता होती, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ते ओढतानाची. कवीचं आडनाव माझ्या ओळखीतलं नव्हतं. समासात माझ्याच अक्षरात शेरा होता: 'भाषा अशुद्ध'. कवितेत एकही चूक नव्हती. ती मालवणीत होती, एवढंच.

त्या एका शेऱ्यानंतर आम्ही कामाची पद्धत बदलली. ती कशी बदलली ते पुढे सांगते. पण त्याआधी अमेरिकेत घडलेलं एक प्रकरण सांगायला हवं, कारण नाव आणि न्याय यांचा गुंता तिथे जितका उघडा पडला तितका क्वचित पडतो.

चाळीस नकार, नऊ नकार

'द बेस्ट अमेरिकन पोएट्री' हा तिकडचा अनेक वर्षं निघालेला वार्षिक निवडक संग्रह. दरवर्षी नवा पाहुणा संपादक वर्षभरातल्या नियतकालिकांतून ७५ कविता निवडायचा. २०१५ साली हे काम शर्मन अलेक्सी यांच्याकडे होतं. ते स्वतः अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजातले लेखक. आजवर ज्यांच्याकडे दुर्लक्ष झालं त्या कवींकडे जास्त लक्ष द्यायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. त्यांनी निवडलेली एक कविता 'प्रेअरी स्कूनर' या नियतकालिकात चिनी वाटणाऱ्या नावाने आली होती. निवड कळवल्यावर कवीचं उत्तर आलं: मी गोरा माणूस आहे, इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनचा, नाव मायकल डेरिक हडसन. ही कविता स्वतःच्या नावाने पाठवली तेव्हा ४० वेळा परत आली, चिनी नावाने ९ वेळा परत आली आणि मग स्वीकारली गेली, असा हिशेब त्याने संग्रहातल्या कविपरिचयातच दिला आहे. ते चिनी नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ते त्याच्या शाळेतल्या एका खऱ्या मुलीचं होतं, असं तिच्या घरच्यांनी पुढे सांगितलं. तिचं नाव आणखी कशाला फिरवायचं?

अलेक्सी यांनी कविता काढून टाकली नाही. एक लांबलचक निवेदन लिहून त्यांनी कबूल केलं की नाव चिनी दिसलं म्हणून ती कविता आपण जास्त लक्ष देऊन वाचली. आता ती काढली तर नावामुळे आपण तिला झुकतं माप दिलंच नव्हतं, असं भासवल्यासारखं होईल, असं त्यांचं म्हणणं. आशियाई वंशाचे अमेरिकन लेखक फार संतापले. आपल्या आजीआजोबांनी जे नाव सोसलं, ज्या नावावरून शाळेत चिडवलं गेलं, ते एका गोऱ्या माणसाने फायदा दिसला तेव्हा अंगावर घेतलं आणि काम झाल्यावर उतरवून ठेवलं, हा तो संताप होता. मला तो पूर्ण समजतो.

हडसनच्या आकड्यांनी फसू नका. गोऱ्यांवर आता अन्याय होतो याचा पुरावा म्हणून ते आकडे पुष्कळांनी मिरवले. पण कविता तीस-चाळीसदा परत येणं हे कवींच्या आयुष्यात नेहमीचं आहे. एकाच संपादकाकडे एकाच दिवशी दोन नावांनी कविता गेली असती तर तुलनेला काही अर्थ होता. इथे नियतकालिकं वेगळी, वेळ वेगळी, आणि चिनी नावालाही नऊ दारं बंदच होती.

आपल्याकडे वंश नाही, पण आडनाव आहे

अमेरिकेतला वंश आणि आपली जात यांचे इतिहास वेगळे आहेत, ते एकमेकांत घालू नयेत. तरी संपादकाच्या टेबलावर नाव जे करतं ते दोन्हीकडे सारखंच आहे. कोकणात आडनावावरून माणसाचा ठाव काढायची सवय तर हाडात मुरलेली. आडनावातल्या 'कर'वरून गाव कळतं, आणि गाव कळलं की पुढचा प्रश्न येतोच: म्हणजे नेमके कुठले? वाडी कुठली? बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. गावाच्या नावात जात नसते. ती काढून घेतो विचारणारा.

आणि हा ठाव बहुतेक वेळा चुकतो. दळवी, देशमुख, खोत ही आडनावं इथे हिंदूंतही आहेत आणि कोकणी मुसलमानांतही. एका सहसंपादकाने एकदा 'खोत' वाचून बड्या जमीनदार घरातली मुलगी असणार असं धरून कवितेतली भूक खोटी ठरवली होती. ती मुलगी दुसऱ्याच्या आंबा-काजूच्या बागेत रोजाने जाणाऱ्या घरातली होती.

पायरी पहिली: आवाहन

आमच्याकडे कामाचं वेळापत्रक गणपती ठरवतात. गणपतीत कोकणात कुणाला कविता वाचायला फुरसत नसते, म्हणून निवड श्रावणातच उरकावी लागते. त्यासाठी आवाहन मे महिन्यात निघायला हवं. चाकरमानी गावात असतात, कॉलेजची पोरं घरी असतात.

आवाहन कुठे लावता, यावरच अर्धी निवड होऊन जाते. आम्ही ते पूर्वी वाचनालयाच्या फळ्यावर आणि साहित्यिकांच्या वॉट्सअ‍ॅप गटावर टाकत होतो. मग कविता त्याच पंचवीस-तीस घरांतून येणार, त्यात नवल काय? आता ते मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात, एसटी स्टँडवर, बचतगटांच्या ताईंकडे, मदरशात, चर्चच्या सूचनाफलकावर, बौद्धजन मंडळाच्या खोलीत जातं. कागद चिकटवून परत येऊ नका. पाच मिनिटं बसा, चहा घ्या, कुणी लिहितं का विचारा. आणि आवाहनात स्पष्ट लिहा: मालवणी, संगमेश्वरी, आगरी, दालदी, कुठल्याही बोलीत चालेल. हे वाक्य नसेल तर बोलीत लिहिणारा माणूस आपली कविता आधी पुस्तकी मराठीत बसवतो आणि तिचा जीव घालवून मग तुमच्याकडे पाठवतो.

बोलावलं म्हणजे माणूस येतोच असंही धरू नये. १८८५ साली पुण्यातल्या ग्रंथकारांच्या सभेला येण्याबद्दल न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना लिहिलं, आणि फुल्यांनी साफ नकार कळवला. सगळ्या माणसांच्या हक्कांचा विचार जिथे होत नाही, त्या सभांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय. पुढे दलित लेखकांना स्वतःची नियतकालिकं उभी करावी लागली. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादहून चालवलेलं 'अस्मितादर्श' हे त्यातलं मोठं नाव. कुणी तुमच्या अंकाला कविता द्यायला नकार दिला तर रागावू नका. तुमच्या मागच्या दहा अंकांची अनुक्रमणिका त्याने वाचलेली असू शकते.

पायरी दुसरी: वहीवाला माणूस

निवड करणाऱ्यांपैकी नसलेला एक माणूस शोधा. आमच्याकडे हे काम एक निवृत्त पोस्टमास्तर करतात, त्यांना गुपित ठेवायची सवय आहे. येणारी प्रत्येक कविता फक्त त्यांच्याकडे येते. ते वहीत नाव, पत्ता, फोन लिहितात आणि कवितेला क्रमांक देतात. पुढे ती कविता त्या क्रमांकानेच फिरते.

यातल्या काही बारीक गोष्टी आम्हाला चुकतमाकत कळल्या. पत्तासुद्धा झाकावा लागतो, कारण कोकणात वाडीच्या नावातच पुष्कळदा जात असते. जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, पण माणसं पाकिटावर हाताला सवय झालेलं नावच लिहितात. हस्ताक्षर ओळखीचं निघतं, म्हणून सगळ्या कविता एकाच युनिकोड अक्षरात टाइप करून घ्याव्या लागतात. टाइप करणाऱ्याला ताकीद द्या की शब्द सुधारायचे नाहीत. 'माका'चं 'मला' आणि 'खंय'चं 'कुठे' करणारे टायपिस्ट मी पाहिले आहेत. वॉट्सअ‍ॅपवर आलेली कविता तशीच पुढे पाठवली की वर पाठवणाऱ्याचं नाव, फोटो सगळं जातं, त्यामुळे मजकूर उचलून वेगळा घ्यायचा. शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव गुंफणारे गझलकार असतात. तिथे वहीवाल्याने नावाच्या जागी टिंब टिंब करावं, आणि तसं केल्याची खूण ठेवावी.

पायरी तिसरी: झाकलेलं वाचन

तिघेजण वाचतील असं पाहा. तिघांपैकी एकजण घरात बोली बोलणारा हवा, एकतरी बाई हवी, आणि तिघेही एकाच आळीतले नकोत. प्रत्येकाने घरी, एकट्याने वाचायचं. तीन ढीग करायचे: घ्यायची, परत करायची, आणि तळ्यात-मळ्यात. पहिल्या फेरीत शुद्धलेखनाकडे पाहायचं नाही. एखादा शब्द अडला तर त्याखाली चूक म्हणून रेघ ओढू नका, प्रश्नचिन्ह काढा. मग बैठकीत तो शब्द बोलीवाल्याला विचारा. बोलीतली कविता मोठ्याने वाचायला लावा, तीही ती बोली बोलणाऱ्यालाच. कागदावर लंगडी वाटलेली ओळ तोंडात आली की नीट चालायला लागते, हे मी कितीदा तरी अनुभवलं आहे.

झाकलेल्या वाचनाबद्दल एक भाबडी समजूत असते की नाव गेलं म्हणजे माणूस दिसेनासा होतो. तसं होत नाही. कवितेत 'होडी', 'वलं', 'आवाठ', 'निकाह', 'बुद्धवंदना' आली की वाचणारा अंदाज बांधायला लागतो. मुंबईत शिकलेल्या कवीचा मुक्तछंद दोन ओळींत ओळखू येतो, आणि तो आपल्याला 'प्रगल्भ' वाटतो कारण आपणही तसलंच वाचून वाढलेलो असतो. नाव झाकल्याने ओळखीपाळखीचा वशिला बंद होतो, आणि तेवढ्यासाठी ते करायलाच हवं. आवडीच्या मागे दडलेला वशिला मात्र त्याने बंद होत नाही. त्यासाठीच तिघे हवेत, आणि तिघांनी एकमेकांना 'तुला हे का आवडलं' असं विचारायला कचरू नये.

वाचणाऱ्यांपैकी कुणाचं नातेवाईक, विद्यार्थी किंवा जिवलग कवींमध्ये असेल आणि कविता ओळखू आली, तर त्याने तसं सांगून त्या कवितेपुरतं गप्प बसावं. लहान गावात हे दर बैठकीला होणार. त्यात लाज कसली?

पायरी चौथी: नावं उघडल्यावर

'घ्यायची'चा ढीग तिघांनी मान्य केला की वही उघडायची. काही संपादक म्हणतात, कशाला उघडायची, जे आलं ते आलं. मला हे पटत नाही. उघडल्याशिवाय आपण काय केलं ते कळणार कसं?

पण उघडून मोजायचं काय? आडनावांवरून जाती मोजू नका. वर सांगितलं तसं त्यात हमखास चुकता, आणि दुसऱ्याची जात त्याला न विचारता लावणं हाच मुळात अपमान आहे. आम्ही मोजतो ते असं: कुठल्या तालुक्यातून किती आल्या आणि किती घेतल्या, बायकांच्या किती, बोलीतल्या किती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच छापल्या जाणाऱ्या कवीच्या किती. कविता पाठवतानाच प्रत्येकाला 'स्वतःबद्दल दोन ओळी, जे सांगावंसं वाटेल तेवढंच' असं मागतो. कुणी समाज सांगतं, कुणी धंदा सांगतं, कुणी फक्त गाव.

मोजून पारडं एकाच बाजूला गेलेलं दिसलं तर तळ्यात-मळ्यातचा ढीग पुन्हा वाचा, या वेळी नावांसकट आणि त्या दोन ओळींसकट. इथे माहिती असण्याचा फायदा होतो. ज्या कवितेतली प्रतिमा अवघड वाटली होती, ती कातकरी वस्तीतल्या कोळसाभट्टीवरची आहे हे कळल्यावर ती अवघड राहत नाही. 'घ्यायची' ठरलेली कविता मात्र आम्ही कधी काढत नाही. आणि अंकाची काही पानं आधीच जाहीर करून राखून ठेवतो: पहिल्यांदा छापल्या जाणाऱ्यांसाठी. हे आवाहनातच लिहिलेलं असतं. अलेक्सींचं इथेच चुकलं असं मला वाटतं. दुर्लक्षितांकडे जास्त लक्ष द्यायचा त्यांचा हेतू रास्त होता, पण ते लक्ष नुसत्या नावाच्या रूपावर टेकलेलं होतं. कवीला एक प्रश्न विचारला असता तर निवडीआधीच उलगडा झाला असता.

पायरी पाचवी: टोपणनावं

या पायरीवर सावकाश थांबा. नवे संपादक इथे दोन टोकांना जातात: काही जण टोपणनाव दिसलं की संशय घेतात, तर काही जण कवीचा हक्क म्हणून काहीही चालवून घेतात.

मराठी कविता टोपणनावांवरच वाढलेली आहे, आणि कोकणाचा त्यात मोठा वाटा. मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले 'केशवसुत' झाले. राम गणेश गडकरी कवितेत 'गोविंदाग्रज', शिरवाडकर 'कुसुमाग्रज'. या नावांचा अर्थ लावला तर कुणाचा मुलगा, कुणाचा थोरला भाऊ, इतकंच हाती लागतं. आडनाव गळून पडतं आणि त्यासोबत जातीचा खुणेचा दगडही. कवितेशी वाचकाची भेट मोकळी होते. अशा टोपणनावाला संपादकाने अडवायचं कारणच नाही.

संरक्षणासाठी घेतलेलं नाव त्याहून महत्त्वाचं. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह 'विभावरी शिरूरकर' या नावाने आला आणि शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनातलं इतकं उघड लिहिणारी ही कोण, म्हणून महाराष्ट्रात गदारोळ उठला. त्या मालती बेडेकर होत्या. नाव झाकलं नसतं तर ते लिहिणं त्यांना किती महागात पडलं असतं, त्या गदारोळावरून ताडता येतं. आमच्याकडेही दरवर्षी एक-दोन पत्रं येतात: माझं नाव छापू नका, सासरी कळेल. ती नावं वहीवाल्याच्या वहीबाहेर कधी गेली नाहीत.

आता जरा अवघड उदाहरण घेऊ, घरचंच. चिंतामण त्र्यंबक खानोलकर, वेंगुर्ल्याकडचे, कुडाळात खानावळ चालवणाऱ्या घरातले. कवितेपुरते ते 'आरती प्रभु'. नाव वाचून बाई वाटावी असं. यात फसवणूक होती का? माझं उत्तर नाही असं आहे. त्या नावाने त्यांनी बायकांसाठी राखलेली जागा घेतली नाही, बाईच्या सोसण्याचा साक्षीदार म्हणून मान मागितला नाही. पण समजा, आज एखाद्या पुरुषाने अशाच नावाने 'स्त्रियांच्या कविता' या विशेषांकाला कविता पाठवली, तर तेच नाव खोटं ठरेल. नाव तसंच असतं, ते कुठल्या दारातून आत शिरतं यावर सगळं ठरतं.

दुसऱ्या समाजाचं नाव घेणं दरवेळी वाईटच असतं असंही नाही. १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढणारे का. र. मित्र हे मूळचे आजगावकर, सावंतवाडीजवळच्या आजगावचे. बंगाली साहित्याच्या प्रेमापोटी त्यांनी 'मित्र' हे बंगाली आडनाव घेतलं. त्यांनी बंगाली असल्याचा आव आणून कुठल्या बंगाल्याची जागा घेतली नाही. उलट बंगाली लिखाणाला मराठीत जागा करून दिली.

याच्या अगदी उलट प्रकार अमेरिकेत १९९० च्या दशकात झाला. हिरोशिमाच्या अणुबॉम्बातून वाचलेला अराकी यासुसादा नावाचा कवी, त्याच्या वह्या सापडल्या, म्हणून कविता छापून येऊ लागल्या. 'अमेरिकन पोएट्री रिव्ह्यू'ने १९९६ साली त्यांना खास पुरवणी दिली. असा माणूस कधी जन्मलाच नव्हता. बोट गेलं केंट जॉन्सन या अमेरिकन कवी-प्राध्यापकाकडे. त्याने आपण एकटेच लेखक असल्याचं मान्य केलं नाही. कवीच्या चरित्रात तो १९२० च्या दशकात हिरोशिमा विद्यापीठात शिकल्याचं लिहिलं होतं, आणि ते विद्यापीठ १९४९ सालचं. नव्या संपादकाने यातून घ्यायची गोष्ट साधी आहे: कविता साक्ष म्हणून येत असेल तर परिचयातली सनावळी तपासा.

मग सीमारेषा ओढायची कुठे? मला दशावतार आठवतो. रात्रभर एक पुरुष द्रौपदी होऊन रडतो, आणि समोर बसलेल्या बायकाही डोळे पुसतात. त्यात कुणी फसत नाही, कारण तो कोण आहे, कुठल्या गावचा आहे, हे मांडावरच्या सगळ्यांना माहीत असतं. कवितेत दुसऱ्याच्या तोंडून बोलणं हे तसंच आहे आणि ते कवीने खुशाल करावं. कोळणीच्या तोंडची कविता भटजीने लिहावी, भटजीच्या तोंडची कोळणीने लिहावी. पण खाली परिचयात 'मी कोळीण' असं लिहिलं की तो दशावतार राहत नाही. समोरच्याला माहीत नसतं, आणि माहीत नाही म्हणूनच तो जागा देतो.

म्हणून टोपणनावाने कविता आली की वहीवाल्यामार्फत आम्ही तीन गोष्टी विचारतो. हे नाव काही झाकण्यासाठी आहे की काही असल्याचं दाखवण्यासाठी? हे कुणा खऱ्या, जिवंत माणसाचं नाव आहे का? आणि उद्या खरं नाव लोकांना कळलं, तर कुणाला आपल्या हातची जागा गेली असं वाटेल का? उत्तरं प्रामाणिक असतील तर बहुतेक नावं पाच मिनिटांत मार्गी लागतात.

खरं नाव एका तरी माणसाकडे लेखी हवं. मानधन बँकेत जमा होतं, तिथे टोपणनाव चालत नाही, त्यामुळे खजिनदारालाही नाव कळतं. त्यालाही गुप्ततेची अट सांगून ठेवा. कायद्याचीही बाजू आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार टोपणनावाने छापलेल्या साहित्याचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. त्या मुदतीत लेखकाची खरी ओळख जाहीर झाली तर ही ६० वर्षं त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजतात. कवीच्या मुलाबाळांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, म्हणून कवीला तो सांगायला हवा.

फसवणूक निघालीच तर

आमच्याकडे एकदा निघाली. कातकरी मुलगी म्हणून परिचय दिलेली कविता पहिल्यांदा छापल्या जाणाऱ्यांच्या पानांसाठी निवडली होती. मानधनासाठी खातं क्रमांक मागितला तेव्हा तो एका शिकलेल्या, पूर्वी अनेकदा छापून आलेल्या माणसाचा निघाला. तो म्हणाला, "त्यांचं दुःख लोकांपुढे यावं म्हणून केलं." मी त्याला इतकंच विचारलं, की मग त्यांच्यातल्या कुणाला लिहायला का नाही सांगितलंत? तो गप्प राहिला. आणि मलाही कबूल करायला हवं: त्या परिचयामुळे मी ती कविता दोनदा वाचली होती, आणि दुसऱ्या वाचनात ती मला आधीपेक्षा बरी वाटली होती.

आम्ही ती कविता त्या पानांतून काढली, कारण ती पानं ज्यांची होती त्यांच्यात तो बसत नव्हता. इतर पानांसाठी त्याने स्वतःच्या नावाने पाठवावी असं कळवलं. त्याने पाठवली नाही. अंकाच्या संपादकीयात एका परिच्छेदात काय घडलं ते त्याचं नाव न घेता सांगितलं. रिकामी झालेली जागा तळ्यात-मळ्यातल्या पुढच्या कवितेला दिली.

छपाई झाल्यावर कळलं तर काय? अंक मागे घेता येत नाही. पुढच्या अंकात पहिल्याच पानावर खुलासा द्या, कोपऱ्यात नको. अलेक्सींनी कविता ठेवली याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती संग्रहात त्या उसन्या नावानेच छापली गेली आणि सत्य मागच्या परिचयात राहिलं, हे मला पटत नाही. ठेवायचीच तर वर खरं नाव हवं होतं. ते चिनी नाव असलेली बाई कुठेतरी जगते आहे, आणि तिने न लिहिलेली कविता तिच्या नावावर आहे.

या प्रकरणानंतर सगळ्यांकडे जातीचे दाखले मागायचा मोह होतो. मागू नका. एका माणसाच्या खोटेपणाची शिक्षा खऱ्या नवख्यांना बसेल. दाखला मागणाऱ्या दारात पहिली कविता घेऊन कोण उभं राहणार?

शेवटची पायरी: उत्तर

ज्यांच्या कविता घेतल्या नाहीत त्यांना गणपतीआधी कळवा. गणपतीला गाव भरतं, आरतीला शेजारी शेजारी उभं राहावं लागतं, तेव्हा उत्तर बाकी असलेलं बरं नसतं. छापील चिठ्ठी पाठवली तरी तिच्यावर हाताने एक ओळ लिहा: कुठली ओळ आवडली, कुठे अडलं. 'भाषा अशुद्ध' हे शब्द आमच्या चिठ्ठीत आता येत नाहीत.

रापणीच्या त्या कवितेच्या कवीला मी दुसऱ्या वर्षी जाऊन भेटले. माफी मागितली आणि कविता पुन्हा मागितली. त्याने ती दिली नाही, दुसरी दिली. ती झाकलेल्या वाचनात तिघांनीही 'घ्यायची'च्या ढिगात टाकली, आणि वही उघडेपर्यंत ती कुणाची हे मलाही ओळखता आलं नव्हतं, कारण या वेळी त्याने समुद्राबद्दल एक शब्दही लिहिला नव्हता.